दोघं मिळून एक पेशंट

बायकोच्या गरोदरपणात दुरुस्तीसाहेबांकडे बाहेरचं एकच काम दिलेलं होतं, आणि ते त्यांनी इतकं नियमात बसवून केलं की कागदोपत्री तेच गरोदर राहिले.

दुरुस्तीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत दाखल्यांवरच्या चुका सुधारून देणारी एक खिडकी असते, तिच्या आतल्या बाजूला ते बारा वर्षं बसत होते, म्हणून इमारतीतले लोक त्यांना तसं म्हणायचे. 'साहेब' हा शब्द लोक आदराने लावतात अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडावी असं कुणाला वाटलं नव्हतं. खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'जो हजर, तोच अर्जदार'. बहिणीचा अर्ज भावाने आणला, परत. आजोबांचा नातवाने आणला, परत. एकदा एक गृहस्थ चिडून आजोबांना खुर्चीसकट उचलून घेऊन आले, तर अर्जात एक रकाना रिकामा सापडला म्हणून खुर्चीसकट परत गेले. रिकामा रकाना म्हणजे साहेबांच्या मते रस्त्यातलं उघडं गटार. आज नाही तर उद्या कुणीतरी त्यात पडणारच, असं ते घरीसुद्धा सांगत.

घरी ऐकायला बायको होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, डॉक्टर बदलून आणि आशा सोडून झाल्यावर, आता तिसरा महिना सुरू होता. सकाळी उठलं की मळमळ, दुपारी छातीत जळजळ, शाळा सुटेपर्यंत पायांचे खांब. तरी चेहरा असा की आपल्याआधी जगात हे कुणाला झालंच नाही. तिने साहेबांना सांगितलं, "अहो, बाकी सगळं मी बघते. तुम्ही फक्त प्रसूतिगृहात माझं नाव नोंदवून या आणि गोळ्यांचं तेवढं सांभाळा. कार्ड नसेल तर आयत्या वेळी खाट देत नाहीत म्हणे."

नोंदणी आणि तीही फॉर्म भरून! साहेबांना मनातून गुदगुल्या झाल्या. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन रंगांची पेनं घेऊन गेले.

इथे साहेबांची बाजू समजून घ्यायला हवी. फॉर्मवर पहिलाच रकाना होता, 'नोंदणी करणाऱ्याचे संपूर्ण नाव'. बायको तर शाळेत. गैरहजर व्यक्तीच्या नावाने अर्ज भरणाऱ्या शेकडो लोकांना ज्यांनी बारा वर्षं हाकललं, त्यांनी स्वतः तेच करायचं? त्यांचा हात थबकला आणि मग निश्चयाने स्वतःचं नाव लिहू लागला. त्यांचं नाव आईवडिलांनी असं ठेवलं होतं की ते बाईलाही शोभावं आणि पुरुषालाही. 'वजन' रकाना दिसला तसे ते दारातल्या काट्यावर चढले आणि अठ्ठ्याहत्तर किलो लिहून आले. 'प्रसूतीची अंदाजे तारीख' डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतीच. 'पतीचे नाव' इथे ते जरा अडखळले, पण रकाना रिकामा सोडणं शक्य नव्हतं, म्हणून 'लागू नाही' असं लिहिलं. शेवटी 'सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव' आलं. तिथे त्यांनी बायकोचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, फॉर्म पेटीत टाकला आणि काम फत्ते झाल्याच्या समाधानात एक कप चहा घेतला.

आठवड्याने कार्ड आलं. गुलाबी रंगाचं, वर बाळाचं चित्र, खाली 'गरोदर माता' आणि त्यापुढे साहेबांचं नाव. नावात एकही चूक नाही हे बघून त्यांना आधी बरंच वाटलं. कार्ड कपाटात ठेवता ठेवता त्यांनी नावाआधीचे दोन शब्द पुन्हा वाचले. नशिबाने बायको तेव्हा भाजी आणायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते नोंदणीच्या नर्सबाईंपुढे उभे राहिले. नर्सबाईंनी कार्ड पाहिलं, मग साहेबांना पाहिलं, मग साहेबांच्या मिशीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"पेशंट कुठाय?"

"तांत्रिकदृष्ट्या," साहेब म्हणाले, "मीच."

सगळी हकीकत ऐकून नर्सबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, या खुर्चीवर मला एकवीस वर्षं झाली. पण असं कुणी केलं नव्हतं."

"चूक कुणाचीही होते," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी खिडकीच्या या बाजूने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. "नाव खोडा आणि बायकोचं लिहा."

"खोडायला ही काय वही आहे? कॉम्प्युटर आहे. एकदा नाव चढलं की ते बाळंत झाल्यावरच उतरतं."

"मग तिचं वेगळं कार्ड काढा."

नर्सबाईंनी बटणं दाबून बघितली. पडद्यावर लाल चौकट आली. एकाच पत्त्यावर एकाच तारखेला दोन बाळंतपणं कॉम्प्युटर मानायला तयार नव्हता. त्याच्या मते दुसरी बाई बनावट होती.

"आता असं करा," नर्सबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तपासणीला त्यांना आणा, तपासणीच्या नोंदी मी या कार्डावर चढवते. पण दर महिन्याच्या गरोदर मातांच्या वर्गाला सही कार्डवाल्याचीच लागते. सगळे शिक्के असतील तरच खाट. तेव्हा बाळ होईपर्यंत तुम्ही दोघं मिळून एक पेशंट."

साहेबांच्या स्वतःच्या खिडकीवर असली तडजोड त्यांनी एका मिनिटात उडवून लावली असती. पण आत्ता प्रश्न खाटेचा होता. नऊ वर्षांनी येणारं बाळ नावाच्या घोळापायी व्हरांड्यात जन्मलं असतं तर बायकोने उभ्या जन्मात त्यांना माफ केलं नसतं, आणि तेही बरोबरच झालं असतं. त्यांनी मान हलवली. घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं, "नोंदणी झाली." ते खोटं नव्हतं.

वर्ग दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी चार वाजता असे. भिंतीला लागून आठ बायका आणि नववे साहेब. शेजारी जुळी होणार असलेली एक बाई बसायची, तिला सगळ्या जुळीवाली म्हणत. तिने साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पहिलीच खेप का?"

"हो," साहेब म्हणाले.

"होतं सगळं नीट. घाबरायचं नाही," असं म्हणून तिने त्यांना एक बिस्किट दिलं.

पहिल्या महिन्यात फॉलिक ॲसिडची गोळी होती, पुढे लोहाची आणि कॅल्शियमची आली. पाकीट घरी न्यायचं, पण पहिली गोळी नर्सबाईंसमोर गिळायची असा तिथला नियम होता, कारण बायका गोळ्या नेतात आणि खिडकीतून फेकतात. साहेबांनी नियमाला कधी विरोध केला होता? त्यांनी गिळली. एका लोहाच्या गोळीने पोट गच्च होत नाही असं नर्सबाईंचं म्हणणं होतं, पण साहेबांचं पोट तीन दिवस संपावर गेलं. घरी ते अस्वस्थपणे येरझाऱ्या घालू लागले तेव्हा बायकोच त्यांना म्हणाली, "पाणी प्या, फळं खा, चाला जरा. मला परवा हेच सांगत होतात ना?"

सांगत होतेच. कारण साहेब वर्गातला शब्द न् शब्द दोन रंगांत उतरवून घेत होते. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी दोन कोरडी बिस्किटं, म्हणजे मळमळ कमी. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं, आणि जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, म्हणजे जळजळ कमी. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्यायचं, चहाच्या आसपास नाही, आणि कॅल्शियमच्या सोबत तर मुळीच नाही. त्या दोन गोळ्यांचं जमत नाही. हे शेवटचं साहेबांना फार पटलं. त्यांच्या कचेरीतही आवक आणि जावक यांची टेबलं वेगवेगळी होती.

त्यांनी लोहाची वेळ सकाळी अकरा ठरवली. अकराला बायको वर्गावर असायची, म्हणून ते शाळेच्या कार्यालयात फोन करायचे. तिथला शिपाई मोठा कर्तव्यदक्ष निघाला. तो वर्गाच्या दारात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणायचा, "बाई, लोहाची वेळ झाली!" आठवड्याभरात सबंध वर्ग त्याच्यासोबत ओरडू लागला. नकाशावर खनिजं दाखवताना बायकोने 'लोह कुठे सापडतं?' असं विचारलं, तर बेचाळीस मुलांनी एकदिलाने तिच्या पर्सकडे बोट दाखवलं.

कुशीवर झोपावं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, असंही वर्गात सांगितलं होतं. साहेबांनी ते जिन्यात सहज बोलून दाखवलं. ही त्यांची दुसरी मोठी चूक. समोरच्या घरातले काका इमारतींचे आराखडे काढण्याच्या कामातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीपासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांनी उशांचा मापासकट आराखडा काढून आणला. एक गुडघ्यांत, एक पोटाखाली, पाठीला दोन, शिवाय "भविष्यातल्या वाढीसाठी" म्हणून तीन. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आराखडा बघून उशा फार मऊ असल्याचा शेरा मारला आणि आपल्या घरच्या दोन आणून दिल्या. पलंगावर नऊ उशा आणि बायको मावल्यावर साहेबांसाठी जमीन उरली. पण बायको सहा आठवड्यांनी पहिल्यांदा गाढ झोपली. सकाळी तिने त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढं सगळं तुम्हाला सांगतं कोण हो?"

तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. साहेबांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "असतात जाणकार लोक."

बिंग फुटलं ते काट्यामुळे. पाचव्या महिन्यात बायकोची तपासणी झाली. कार्ड साहेबांच्या खिशात, त्यावर हात ठेवूनच ते उभे होते. नर्सबाईंनी वजन केलं, चोपन्न किलो. मुकाट्याने कॉम्प्युटरवर चढवलं. कॉम्प्युटरने गेल्या नोंदीतले अठ्ठ्याहत्तर काढले, वजाबाकी केली आणि त्याची पाचावर धारण बसली. गरोदर बाईचं वजन चोवीस किलोंनी उतरलं होतं! त्याने परस्पर तातडीचा इशारा पाठवून दिला.

रविवारी सकाळी दहा वाजता इमारतीपुढे रुग्णवाहिका थांबली. एक तरुण डॉक्टरीणबाई, दोन मदतनीस आणि एक स्ट्रेचर असे सगळे धावत जिना चढून आले. साहेब बनियनवर दाढी करत होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "कुठे आहेत त्या? शुद्धीवर आहेत ना?"

"आहेत," असं म्हणून बायकोने बोट दाखवलं. "पण ते दाढी करतायत."

तोवर सगळा जिना भरला होता. आराखडेकाका स्ट्रेचर वळणावरून कसं काढावं हे मदतनिसांना समजावत होते. वरच्या काकूंनी साहेबांच्या पोटाकडे बघून "मला वाटलंच होतं" असं म्हटलं. काय वाटलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरीणबाई कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "गरोदर माता म्हणजे हे? आणि पती लागू नाही? मग ह्या कोण?"

"ह्या," साहेब साबणाच्या फेसातून पुटपुटले, "सोबत येणाऱ्या नातेवाईक."

जिन्यात असा हशा उठला की खालच्या मजल्यावर दारं उघडली. साहेबांची बारा वर्षांची अब्रू त्या जिन्यावरून गडगडत खाली गेली. पण त्यांना ते फारसं ऐकू आलं नाही, कारण ते बायकोकडे बघत होते, आणि ती हसत नव्हती.

रुग्णवाहिका रिकामी परत गेल्यावर तिने कार्ड हातात घेतलं. सगळे रकाने एकेक करून वाचले.

"मला राग कशाचा येतोय माहीत आहे?" ती म्हणाली. "चुकलात त्याचा नाही. तुम्ही दाखल्यांतच जगता, तुम्ही काय लिहाल याचा नेम नाही. पण नऊ वर्षं वाट बघितली मी, आणि जिथे आई असं लिहिलंय तिथे मी नाही. मी कोण तर सोबत येणारी."

दुसऱ्यांच्या नावातल्या वेलांट्या नीट करण्यात उमर घालवलेल्या माणसाने घरातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव गायब केलं होतं. "बाळाच्या दाखल्यावर तुझंच नाव असेल," साहेब म्हणाले. "शब्द देतो."

आणि मग जे झालं ते सांगतानासुद्धा दमायला होतं. त्यांनी प्रसूतिगृहाला अर्ज केला. उत्तर आलं, नोंद रद्द करायची तर पेशंट गरोदर नसल्याचा दाखला जोडा. तपासून घ्यायला गेले, तर पुरुषांचा तसा दाखला देण्याची सोय नव्हती. कुटुंबाच्या डॉक्टरांनी दया येऊन साध्या कागदावर लिहून दिलं, 'सदर इसम गरोदर नाहीत व पूर्वीही नव्हते.' प्रसूतिगृहाने तो कागद परत केला, कारण त्यात 'भविष्यातील स्थिती' हा रकाना नव्हता. रिकाम्या रकान्यावरून अर्ज परत येणं काय असतं, ते साहेबांना त्या दिवशी कळलं. ते बराच वेळ बाकावर बसून होते. त्यांना उगीचच खुर्चीतले ते आजोबा आठवत राहिले.

एवढ्यात दिवस भरले. शाळेतच कळा सुरू झाल्या, शिपायाने फोनवर "साहेब, वेळ झाली!" असं सांगितलं, आणि साहेब सवयीने म्हणाले, "लिंबूपाण्याबरोबर द्या." मग उमगलं तसे ते धावत सुटले. कार्डावर सगळे शिक्के होते, खाट मिळाली. खाटेवरच्या पाटीवर साहेबांचं नाव आणि खाटेवर बायको. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. नर्सबाईंनी बाहेर येऊन साहेबांचं नाव पुकारलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन, सुखरूप सुटलात." जुळीवाली दोन दिवस आधीच सुटली होती. तिने पलीकडच्या खाटेवरून ओरडून विचारलं, "टाके पडले का हो?"

बाराव्या दिवशी जन्मदाखला आला. तो कॉम्प्युटरने कार्डावरूनच तयार केला होता. आईचे नाव, साहेब. वडिलांचे नाव, लागू नाही.

बायकोने दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला. ती चिडली नाही, त्यामुळे साहेब जास्तच घाबरले. मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा ती एका सकाळी साहेबांच्या कचेरीत आली आणि मुलीला खांद्यावर घेऊन रांगेत उभी राहिली. आठवा नंबर. नंबर आल्यावर तिने खिडकीतून दाखला आत सरकवला.

"आईचं नाव दुरुस्त करायचंय."

साहेबांनी सवयीने तोंड उघडलं. "त्यासाठी दाखल्यावरची आई स्वतः..." एवढं बोलून ते थांबले. दाखल्यावरची आई खिडकीच्या चुकीच्या बाजूला बसली होती. आणि स्वतःच्या अर्जावर स्वतः शिक्का मारायचा नाही, हा नियम तर पाटीपेक्षाही जुना होता.

साहेब उठले. टेबल आवरलं, पेनाला टोपण लावलं, मागच्या दाराने बाहेर पडले, व्हरांड्याला वळसा घातला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

रांग हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "खिडकीवर कोण असतं हो?"

"मी असतो," साहेब म्हणाले.

"मग इथे काय करताय?"

"नंबर लावलाय."

त्यावर रांगेत जी बडबड सुरू झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तेवढ्यात बायको चालत मागे आली. तिने मुलीला साहेबांच्या हातात दिलं, म्हणाली, "मान धरा नीट," आणि मागच्या दाराने आत जाऊन खुर्चीवर बसली.

"पुढचा!"

शिक्षिकाच ती. बेचाळीस वह्या एका तासात तपासणारी. अर्ज वाचायची, चूक दिसली की तिथल्या तिथे लिहून घ्यायची, रिकामा रकाना दिसला की "हे काय, सांगा पटकन" म्हणून भरून टाकायची. एक मुलगा आजीचा अर्ज घेऊन आला होता. तिने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "आजी कशा आहेत? बरं. सही आहे ना? झालं." शिक्का पडला. आतल्या खोलीतले मोठे साहेब आवाज ऐकून बाहेर आले, खुर्चीत अनोळखी बाई आणि पुढे पुढे सरकणारी रांग असं दृश्य त्यांनी बघितलं आणि मुकाट्याने परत आत गेले.

साहेबांचा नंबर आला. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती आणि सदऱ्याची उजवी बाजू ओली झाली होती.

"आईचं नाव चुकलंय," साहेब खिडकीतून म्हणाले. "ते तुमचं लिहा."

बायकोने दाखल्यावरचं त्यांचं नाव खोडलं आणि तिथे सावकाश, सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर ते क्षणभर नुसतं बघत बसली. मग पेन खालच्या ओळीवर नेलं.

"वडिलांचं नाव. लागू नाही असं लिहिलंय."

"तेही चुकलंय."

"पुरावा?"

साहेबांनी खिसे चाचपले. एका हातात मुलगी, त्यामुळे डावाच खिसा जमला. त्यात लोहाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, दोन बिस्किटं आणि वर्गाची दोन रंगांत लिहिलेली टिपणं होती. आठवडाभर शोधूनही न सापडलेलं लाळेरंही त्यातच निघालं. शिक्क्याचा कागद एकही नव्हता. मुलगी जरा कुरकुरली तसे ते अर्ज, रांग, खिडकी सगळं विसरून तिला थोपटू लागले.

बायकोने मान वर करून पाटी वाचली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"हजर आहात," ती म्हणाली. "चालेल."

आणि तिने शिक्का मारला.